मास्तर आणि मेस्त्री

तुमचा तासाचा रेट किती आहे?

पगार महिन्याचा असला तरी आमच्या आयटीतल्या माणसाला हा आकडा पाठ असतो. पगार भागिले १६०. एकदा तो काढला की बरेच प्रश्न परस्पर सुटतात. भाजी निवडायची? नको, निवडलेली मागवा. इस्त्री? देऊन टाका. नळ गळतोय, पंखा पुसायचाय, गाडी धुवायचीय? जे काम तुमच्या तासापेक्षा स्वस्तात दुसरा कुणी करून देतो, ते स्वतः करणारा माणूस एक तर कंजूष, नाही तर वेडा. हा हिशेब आपल्यात इतका मुरलाय की तो कुणीतरी मांडलेला हिशेब आहे हेच आपण विसरलोय. आपल्याला ती साधी अक्कल वाटते.

गेल्या उन्हाळ्यात मला हा हिशेब निदान दहा जणांनी ऐकवला. टीम लीडने, रूममेटने, आत्येभावाने, आणि सगळ्यात जोरात आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी. कारण काय, तर मी आमच्या पिकअपखाली झोपलो होतो.

जुन्नर तालुक्यात आमची शेती आहे आणि घरी एक अकरा वर्षांची पिकअप आहे. टोमॅटोच्या हंगामात ती नारायणगावच्या बाजारात क्रेट नेते, एरवी खत, चारा, मांडवाचं सामान आणि देवाला निघालेली माणसं. हंगाम सुरू होण्याआधी चार शनिवार-रविवार पुण्याहून जाऊन मी तिचं पुढचं सस्पेन्शन आणि पुढची दोन्ही चाकं खोलली, झिजलेलं बदललं आणि परत बसवली. गावातले मेस्त्री शेजारी उभे राहून सांगत होते, मी करत होतो. माझी पदवी मेकॅनिकल इंजिनियरिंगची आहे, नोकरी सॉफ्टवेअरची. आणि मी उघडलेलं हे आयुष्यातलं पहिलं चाक.

तुम्हीही गाडी खोला, असं सांगायला मी हे लिहीत नाही. मला तो तासाचा हिशेब खोडायचाय. तो गणित म्हणून चुकीचा आहे आणि त्याच्या पोटात जे दडलंय ते गणितापेक्षा बरंच जुनं आहे.

आधी गाडी

अण्णांची तक्रार तीन वाक्यांची होती. गाडी डावीकडे ओढते. स्पीडब्रेकरवर खट्कन वाजतं. आणि पन्नासच्या पुढे गेलं की घूंऽऽ असा आवाज येतो, वेग वाढला की तोही वाढतो. डावीकडचं टायर आतल्या कडेने खाल्लेलं होतं, बाहेरची नक्षी मात्र शाबूत.

मेस्त्रींनी पहिल्या दिवशी पाना हातात घेऊच दिला नाही. लोअर आर्मखाली जॅक लावून चाक जमिनीपासून वितभर उचललं, चॅसिसखाली लोखंडी घोडी सरकवली आणि म्हणाले, "चाकाला घड्याळ समजा. बारावर एक हात, सहावर एक. आता आतबाहेर हलवा." चाक हललं. फार नाही, पण हललं. "आता तीनला आणि नऊला." तिथेही थोडं हललं. मग त्यांनी अण्णांना केबिनमध्ये बसवलं, ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि मला पुन्हा बारा-सहाला हात लावायला लावला.

हे कशासाठी? ब्रेक दाबला की चाक आणि त्यामागचा नकल एकमेकांना घट्ट धरले जातात. चाकाचं बेअरिंग ढिलं असेल, तर ब्रेक दाबल्यावर हलणं थांबतं. थांबलं नाही, तर दोष बेअरिंगच्या मागे आहे, बॉल जॉइंटमध्ये किंवा आर्मच्या बुशमध्ये. आणि तीन-नऊला हलत असेल तर आधी टाय रॉड एंड बघायचा, कारण तो स्टिअरिंगचा रस्ता आहे. यंत्र नाही, स्कॅनर नाही, दोन हात आणि ब्रेकवर एक पाय. सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही दोष वेगळा काढणं म्हणतो, त्यावर कॉन्फरन्समध्ये भाषणं देतो आणि टाळ्या घेतो.

डावीकडे ब्रेक दाबूनही हलणं थांबलं नाही. खालचा बॉल जॉइंट गेला होता. उजवीकडे मेस्त्रींनी कॉइल स्प्रिंगवर तळहात ठेवला, दुसऱ्या हाताने चाक जोरात फिरवलं आणि माझा हात ओढून स्प्रिंगवर ठेवला. बारीक खरखर जाणवत होती, वाळूवरून पाट्याचं चाक फिरावं तशी. कानाला ती ऐकू येत नव्हती, तळहाताला येत होती. बेअरिंग.

आता माझं शिक्षण. हे सस्पेन्शन डबल विशबोन जातीचं. दोन त्रिकोणी आर्म, वरचा आखूड, खालचा लांब. तो आखूड का असतो, हे मला पक्कं ठाऊक होतं: चाक वर उचललं गेलं की ते किंचित आत कलतं, त्यामुळे वळणावर बॉडी झुकली तरी टायर रस्त्याला सपाट टेकून राहतं. याची आकृती मी परीक्षेत पेन्सिलीने काढली आहे, कॅम्बर आणि टोच्या व्याख्या लिहिल्या आहेत, चार दांड्यांच्या यंत्रणेचे स्वातंत्र्यांश मोजले आहेत. चार वर्षांत कुणी मला बॉल जॉइंट हातात दिला नाही. कॉलेजात ऑटोमोबाइल लॅब नावाची खोली होती. त्यात एक चॅसिस होतं, कापून रंगवलेलं, आणि त्यावर पाटी होती: हात लावू नये.

ती पाटी एका कॉलेजची आहे असं मला आता वाटत नाही. ती आपल्या सगळ्या शिक्षणावर लावलेली आहे.

हाताला जे कळतं

बॉल जॉइंटची दांडी निमुळती असते आणि नकलमधल्या निमुळत्या भोकात ती पाचरीसारखी घट्ट बसते. नट काढला म्हणजे ती सुटत नाही. अकरा पावसाळे खाल्लेली असेल तर मुळीच सुटत नाही. नवशिक्याला वाटतं, दांडीच्या टोकावर हातोडी हाणावी. तसं केलं की आटे चेपतात. मेस्त्री म्हणाले, नट पूर्ण काढू नका, चार आट्यांवर राहू द्या, आणि हातोडी दांडीवर न मारता ज्या भोकात ती बसलीय त्याच्या कडेवर आडवी मारा. लोखंडाला क्षणभर झटका बसतो, भोक किंचित लांबट होतं आणि पाचर स्वतःच सुटते. सातव्या घावाला ठक् असा वेगळाच आवाज आला. मी वर बघितलं. ते आधीच पुढचा पाना शोधत होते. त्यांना आवाजावरूनच कळलं होतं.

पण याच ठिकाणी माझी पदवीही कामाला आली, तेही सांगायला हवं. आमच्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर दाबून बसलेली आहे. समजा तिच्यावर दहा हजार न्यूटनचा जोर आहे आणि ती दहा सेंटिमीटर दबलेली आहे. तिच्यात साठलेली ऊर्जा या दोहोंच्या गुणाकाराच्या निम्मी, म्हणजे पाचशे ज्यूल. पन्नास किलोचं खताचं पोतं मीटरभर उंचीवरून पडलं तर जेवढी, जवळपास तेवढी. आर्मखाली जॅक नसताना बॉल जॉइंट सुटला, तर ते पोतं तुमच्या दिशेने येणार. मेस्त्री हे आकडे मांडत नाहीत, पण जॅक लावल्याशिवाय त्या नटाला हात लावत नाहीत. मी आकडे मांडले तेव्हा ते हसले. "बरोबर आहे. एकदा एकाची स्प्रिंग गॅरेजच्या पत्र्यात घुसली होती, ती किती ज्यूल होती काय माहीत."

मग मी त्यांना आखूड आर्मचं कारण सांगितलं. जमिनीवर खडूने दोन रेघा मारून दाखवल्या, गाडी खाली बसली की चाक कसं आत झुकतं ते. ते बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिले. "म्हणून होय, स्प्रिंग बसलेल्या गाडीचं टायर आतून खातं. तीस वर्षं बघतोय." तीस वर्षं बघितलेल्या गोष्टीचं कारण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि चार वर्षं शिकलेल्या कारणाची गोष्ट मला कुणी दाखवली नव्हती. दोन्ही अर्धी शिक्षणं एकाच तालुक्यात, एकमेकांपासून पंधरा किलोमीटरवर राहत होती.

बेअरिंगचं काम उजवीकडे. कॅलिपर काढून तारेने स्प्रिंगला टांगायचा, ब्रेकच्या रबरी पाइपवर त्याचा भार येऊ द्यायचा नाही. मग स्प्लिट पिन, नट, वायसर आणि बाहेरचं बेअरिंग. निमुळत्या रोलरचं हे बेअरिंग हेन्री टिमकेनने १८९८ मध्ये पेटंट केलं. तो अमेरिकेतला घोडागाड्या बनवणारा कारागीर होता. वळताना आतलं चाक बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळावं, ही स्टिअरिंगची भूमिती आपण पुस्तकात अॅकरमनच्या नावाने शिकतो. ती १८१७ मध्ये शोधली म्युनिकच्या जॉर्ज लँकेनस्पर्गरने, तोही गाड्या बांधणारा. अॅकरमनने पुढच्या वर्षी लंडनमध्ये तिचं पेटंट घेतलं, म्हणून नाव त्याचं. म्हणजे मी ज्याला थिअरी म्हणून पाठ केलं ते मुळात गाडी बांधणाऱ्यांच्या हातून आलंय. पुस्तकात येईपर्यंत त्याचे हात गळून पडले.

नव्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं यंत्र मिळतं. मेस्त्रींकडे नाही. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा, बेअरिंगची कड त्यात दाबत ओढायची, रोलरांच्या मधून दुसऱ्या बाजूला ग्रीस वर येईपर्यंत. मग बेअरिंग थोडं फिरवायचं, पुन्हा तेच. शेवटी नट. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग तो सोडायचा. मग नुसत्या बोटांनी लागेल तेवढाच आवळून स्प्लिट पिन घालायची, नवीन, जुनी कधीच नाही. जास्त आवळला तर बेअरिंग तापून जळणार, कमी आवळला तर चाक डुलणार. या दोहोंमधली जागा केसाएवढी आहे आणि ती बोटांना कळते. मला ती आठव्या वेळी कळली. सात वेळा मेस्त्रींनी चाक हलवून बघितलं आणि काही न बोलता नट पुन्हा सोडला.

आता हिशेब

तर तासाचा रेट. पहिली गोष्ट, तो मुळातच खोटा आहे. माझे शनिवार-रविवार कुणी विकत घेत नाही. मी पिकअपखाली नसतो तर फोनवर असतो, आणि त्याचे मला कुणी पैसे देत नाही. जो तास विकलाच जात नव्हता त्याची किंमत लावून मला श्रीमंत ठरवायचं आणि मग त्या श्रीमंतीच्या नावाने माझे हात बांधायचे, ही गंमत आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. मेस्त्रींचा तास माझ्या तासापेक्षा स्वस्त का? काम सोपं आहे म्हणून? मी दोन्ही केलंय. बॉल जॉइंट माझ्या रोजच्या कामापेक्षा सोपा नाही. चुकीचा परिणाम मोठा म्हणाल, तर माझ्या कोडमधला दोष मागे घेता येतो. माळशेज घाटात सुटलेलं चाक मागे घेता येत नाही. शिकायला कमी काळ लागतो म्हणाल, तर आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा कोर्स दोन वर्षांचा आहे, आणि तो करून आलेल्या पोराला मेस्त्री अजून दोन वर्षं चाकाच्या नटावर हात ठेवू देत नाहीत. मला मात्र तीन महिन्यांच्या ट्रेनिंगनंतर क्लायंटच्या कामावर बसवलं होतं. मग किंमत ठरली कशाने?

ती ठरली कामाने हात काळे होतात की नाही यावर. आमच्या एका नातेवाईकांनी अंगणात येऊन अण्णांना विचारलं, "एवढा शिकवला तो ह्यासाठी?" अण्णा मान खाली घालून बसले. मला त्यांचा राग नाही आला. पोरगा गाडीखाली दिसणं ही त्यांना खरोखरच घसरण वाटते, आणि हे त्यांना ज्या गावाने शिकवलं तिथे लोहाराने, सुताराने, चांभाराने कुठे बसायचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं होतं. काम वाटून घेणं वेगळं आणि काम करणाऱ्या माणसांनाच एकाखाली एक रचून ठेवणं वेगळं, हा भेद डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये जातीवरच्या त्यांच्या निबंधात स्पष्ट करून ठेवलाय. तासाचा रेट हे त्याच उतरंडीचं नवं, सुटाबुटातलं नाव आहे. जातीचं नाव घ्यायला आपण लाजतो, रेटचं घ्यायला लाजत नाही.

शब्दच बघा. मेस्त्री हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला, त्यांच्या 'मेस्त्रे'वरून. मास्तर आला इंग्रजीतून. दोहोंचं मूळ एकच, लॅटिन 'मॅजिस्टर': ज्याला येतं आणि जो शिकवतो, तो. एकाच शब्दाची दोन पोरं दोन जहाजांनी कोकणपट्टीला लागली. आपण एकाला फळ्यापुढे उभं केलं आणि दुसऱ्याला गाडीखाली झोपवलं. एकाला सर म्हणतो. दुसऱ्याला, तो साठीचा असला तरी, ए मेस्त्री.

लोक काय म्हणतात

मला तीन आक्षेप ऐकू येतात. तिन्हींत दम आहे.

पहिला: सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग ही हौसेची जागा नाही. तुझ्या शिकण्याची किंमत समोरून येणारा दुचाकीवाला का मोजेल? अगदी बरोबर. म्हणूनच माझ्या प्रत्येक नटावर मेस्त्रींचा हात फिरला. नुसत्या जॅकच्या भरवशावर मी एकदाही गाडीखाली गेलो नाही. चाकाचे नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले, गाडी शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासले. नारायणगावला जाऊन मशिनवर अलाइनमेंट करून घेतलं, कारण आर्म आणि टाय रॉड एंड बदलल्यावर ते डोळ्यांनी होत नाही. त्यानंतरच गाडीत क्रेट भरले. व्हिडिओ बघून एकट्याने हे करणाऱ्याला मीही थांबवीन. पण हा आक्षेप एकट्याने करण्याविरुद्ध आहे, शिकण्याविरुद्ध नाही. तो मेस्त्रीची गरज सिद्ध करतो. मग त्याची किंमत का नाही?

दुसरा: तू फुकट राबलास, म्हणजे मेस्त्रींचं लेबर बुडवलंस. नाही बुडवलं. जेवढं लेबर त्यांनी सुरुवातीला सांगितलं होतं त्याच्या दुप्पट मी दिलं, कारण काम करण्यापेक्षा शिकवण्याला जास्त वेळ लागतो. त्यांनी ते आधी घेतलंच नाही. "दाखवायचे कसले पैसे?" पुण्यात मी वीकेंडच्या ऑनलाइन कोर्सला हजारो रुपये भरलेत, जिथे शिकवणारा माझं नावही घेत नाही. आणि इथे तीस वर्षांचं ज्ञान देणाऱ्या माणसाला शिकवण्याचे पैसे मागायची सवयच नाही. त्याला कुणी कधी मास्तर म्हटलंच नाही ना.

तिसरा आक्षेप आक्षेपासारखा दिसत नाही, कौतुकासारखा दिसतो. "वा, किती छान! हाताने काम केलं की डोकं शांत होतं ना?" असे रील तुम्हीही पाहिले असतील: ग्रीसने माखलेले हात, मागे मंद पियानो, स्क्रीनपासून सुटका वगैरे. नाही हो, डोकं शांत होत नाही. उन्हात तापलेल्या लोखंडाखाली डोळ्यांत गंज पडतो, कोपर सोलतं आणि मान दोन दिवस वळत नाही. मी दोन दिवसांनी एसीत परत जातो. मेस्त्रींचे गुडघे तीस वर्षांनी गेलेत, आणि त्यांना आजारपणाची पगारी रजा नाही. त्यांच्या मजुरीची मी माझ्यासाठी थेरपी करून घेतली, तर तो तासाच्या हिशेबाइतकाच उद्धटपणा होईल. मला त्या कामातून शांती नको आहे. त्या कामाला मान आणि दाम हवेत.

बंद डबे

तुम्ही म्हणाल, गावातल्या एका गॅरेजचं एवढं काय? तर ऐका. मेस्त्रींचा मुलगा चाकणला कंपनीत लागलाय, लाइनवर. गॅरेजला तो येणार नाही आणि मेस्त्रींनाही तो यायला नको आहे. का यावं त्याने? तळहाताला कळणारी खरखर कुठल्या पुस्तकात नाही. ती मेस्त्रींबरोबर जाईल.

आणि ती जाण्याची घाई दुसरीकडेही आहे. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत चाकाचं बेअरिंग सीलबंद हबसकट येतं. ते बिघडलं की उघडायचं नसतं, अख्खं बदलायचं. त्याचे फायदे आहेत, मान्य. पण बंद डब्यांची सवय लागली की डबा बंद ठेवणाऱ्यांचं फावतं. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो याचसाठी: सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं. पुढे प्रकरण अपिलात गेलं. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. तिच्या यादीत मोबाइल, घरगुती उपकरणं, मोटारी आणि शेतीची यंत्रं आहेत. डिसेंबरात पोर्टलही सुरू झालं. चांगलं आहे. पण हक्क कागदावर असून भागत नाही. तो वापरणारे हात लागतात, आणि हातांना आपण रेट लावून घरी बसवलंय.

इथे माझ्या धंद्यातल्या लोकांना एक विचारायचंय. आपण ओपन सोर्सच्या गप्पा मारतो. एखादी लायब्ररी आतून बघता आली नाही तर संतापतो. जो पोरगा फ्रेमवर्कच्या पोटात शिरून दोष काढतो त्याला सीनियर म्हणतो. मग तोच पोरगा गाडीच्या पोटात शिरला की त्याचा तास वाया कसा जातो? यंत्राच्या आत बघण्याची इच्छा कीबोर्डवर असेल तर प्रतिभा, पान्यावर असेल तर वेळेचा अपव्यय?

आपल्याकडे असं नेहमीच नव्हतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. ती नोकरी सोडून ते बेळगावात सायकलींच्या दुकानाच्या धंद्यात उतरले. मराठी कारखानदारीचं एक मोठं घराणं तिथून सुरू झालं, पुढे लोखंडी नांगर आला. म्हणजे मास्तरच मेस्त्री झाला होता. त्यांच्या नावाच्या कौतुकाची भाषणं आपण दर वर्षी ऐकतो आणि पोराच्या हाताला ग्रीस लागलं की ओरडतो.

मग करायचं काय

मागण्या मोठ्या नाहीत. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षात वर्कशॉप नावाचा विषय आहे. लोखंडाचा चौकोनी तुकडा घासायचा, जर्नल भरायचं, सही घ्यायची. वर्गातले कित्येक जण मागच्या बॅचचे तुकडे पुन्हा घासून दाखवतात हे सगळ्यांना माहीत असतं, सही करणाऱ्यांनाही. त्याऐवजी एक सत्र खरी, चालती, गंजलेली गाडी द्या. शिकवायला गॅरेजमधला मेस्त्री बोलवा, व्हिजिटिंग प्राध्यापकाला जे मानधन देता तेच त्याला द्या, आणि परीक्षकही त्यालाच करा. थिअरीच्या सरांनी शेजारी उभं राहून कारणं सांगावीत. दोघांनाही एकमेकांकडून शिकायला मिळेल, माझ्या अंगणात मिळालं तसं. आयटीआयची आणि इंजिनियरिंगची पोरं एकाच गाडीवर काम करोत. आणि पिकअप विकणाऱ्यांनी तिची दुरुस्तीची पुस्तिका, कुठला नट किती आवळायचा त्या तक्त्यासकट, मराठीत आणि फुकट द्यावी. ही गाडी जे चालवतात आणि जे दुरुस्त करतात त्यांची भाषा ती आहे.

तुमच्यासाठी, म्हणजे फोनवर हे वाचणाऱ्यासाठी, त्याहून सोपं. पुढच्या वेळी गाडी गॅरेजला टाकाल तेव्हा आतल्या खुर्चीत बसू नका. गाडीजवळ उभे राहा. काढलेला भाग हातात मागून घ्या, त्याचं नाव विचारा, तो कुठे झिजलाय ते बघा. "तुम्हाला कसं कळलं?" हा प्रश्न विचारा आणि उत्तर संपेपर्यंत फोन खिशात ठेवा. सर म्हणा, अहो म्हणा. बिल देताना त्या उत्तराचेही पैसे द्या. तो नको म्हणेल. तरी द्या.

आणि कॉलेजांसाठी एक प्रश्न मी आत्ताच काढून ठेवतो, आठ मार्कांचा. पिकअपचं पुढचं चाक उचलून बारा आणि सहावर धरून हलवलं, ते हललं. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं. दोष कुठे आहे, आणि का?

चार वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. उत्तर तुम्हाला आता येतं.